पिकवणे शिकवले, विकणे कोण शिकवणार?

२०२३ च्या जुलै महिन्यात देशातील शहरांत टोमॅटोचा भाव किलोला शंभर रुपयांच्या वर गेला, काही ठिकाणी तर तो दोनशेलाही टेकला. गृहिणींनी भाजीतून टोमॅटो हद्दपार केला. त्यानंतर अवघ्या दोन महिन्यांत, सप्टेंबरमध्ये, नाशिक परिसरातील शेतकऱ्यांच्या हाती त्याच टोमॅटोचे किलोला दोन-तीन रुपये पडू लागले. तोडणीची मजुरी आणि गाडीभाडेही सुटेना, तेव्हा काहींनी माल रस्त्यावर ओतला, काहींनी उभ्या पिकात जनावरे सोडली.

या शेतकऱ्यांना शेती येत नव्हती असे कोणी म्हणू शकणार नाही. रोपे, ठिबक, खते, औषधे, बांधणी या सगळ्यात त्यांचा हात धरणे कठीण. पीक उत्तम आले होते. अडले ते पीक हाती आल्यानंतर.

शेतकऱ्याला पिकवायला शिकवण्यासाठी आपल्या देशाने खूप काही केले आहे. विकायला शिकवण्यासाठी मात्र फारच थोडे केले आहे, आणि त्याची किंमत शेतकऱ्याचे घर आणि गिऱ्हाईकाचे घर अशी दोन्ही घरे मोजतात.

शिक्षणाची परंपरा

शेतकरी शिक्षणाची आपली परंपरा मोठी आहे. २६ जानेवारी १९६७ रोजी दूरदर्शनवर ‘कृषी दर्शन’ सुरू झाले. देशातील पहिले कृषी विज्ञान केंद्र १९७४ मध्ये पुदुच्चेरी येथे उघडले, आज अशी सातशेहून अधिक केंद्रे आहेत. लुधियानाच्या पंजाब कृषी विद्यापीठाचे किसान मेळे दर वर्षी मार्च आणि सप्टेंबरमध्ये भरतात. सुधारित बियाणे आणि शेतीची पुस्तके घेण्यासाठी तेथे शेतकऱ्यांची रीघ लागते. २००४ पासून किसान कॉल सेंटरची फुकट दूरध्वनी सेवाही आहे. शेतकऱ्याने १८००-१८०-१५५१ हा क्रमांक फिरवला की त्याला आपल्या भाषेत सल्ला मिळतो. २२ भाषांत ही सोय आहे.

या प्रयत्नांचे फळ देशाला मिळाले. एके काळी परदेशातून गहू मागवणारा देश धान्याने भरला. परंतु यातील बराचसा भर पीक, कीड, खत आणि बियाणे यांवरच राहिला. ‘माल कुठे, केव्हा, कसा आणि कोणाला विकावा’ हा विषय बहुतेक कार्यक्रमांत शेवटी येतो, जेव्हा लोकांचे लक्ष एस.टी.च्या वेळेकडे लागलेले असते.

रुपयातला वाटा

गिऱ्हाईक जो रुपया देते त्यातले शेतकऱ्याला किती मिळते? भारतीय रिझर्व्ह बँकेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार टोमॅटोच्या रुपयात शेतकऱ्याचा वाटा सुमारे ३३ पैसे, कांद्याच्या रुपयात ३६ आणि बटाट्याच्या रुपयात ३७ पैसे आहे.

उरलेले सगळे पैसे दलालाच्या खिशात जातात असे समजणे अन्यायाचे होईल. त्यात गाडीभाडे आहे, हमाली-तोलाई आहे, वाटेत सडणारा माल आहे, शहरातल्या गाळ्याचे भाडे आहे आणि हातगाडीवाल्याचे पोटही आहे. तरीही दुधाकडे पाहिले की प्रश्न पडतो. दुधात शेतकऱ्याचा वाटा रुपयाला सुमारे ७० पैसे आहे. वास्तविक दूध टोमॅटोपेक्षाही नाशवंत! काही तासांत ते नासते. मग हा फरक का?

याचे उत्तर गुजरातमधील खेडा जिल्ह्यात सापडते. १९४६ मध्ये तेथे शेतकऱ्यांचा दूध संघ उभा राहिला, पुढे तोच ‘अमूल’ म्हणून घराघरांत पोहोचला. सकाळ-संध्याकाळ गावातच दूध घेणे, शेतकऱ्यासमोर माप आणि फॅटची तपासणी, त्यावरून ठरणारा दर आणि नियमित पैसे अशी ती व्यवस्था आहे. यात शाळेची पायरी न चढलेली बाईसुद्धा शिकली, की म्हशीला पेंड कमी पडली तर फॅट उतरते आणि फॅट उतरला तर दर उतरतो. बाजाराचा धडा तिला कोणी भाषणातून दिला नाही. रोज दोन वेळा डेअरीवर उभे राहून ती तो गिरवत गेली.

बाजार हीच शाळा

भाजीपाल्यात असा प्रयत्न झालाच नाही असे नाही. बंगळूरमध्ये १९५९ मध्ये द्राक्ष उत्पादकांची सहकारी संस्था निघाली. तीच पुढे ‘हॉपकॉम्स’ झाली आणि शहरभर फळे-भाज्यांची दुकाने चालवू लागली. पंजाबात १९८७ मध्ये ‘अपनी मंडी’ सुरू झाली. जानेवारी १९९९ मध्ये त्या वेळच्या आंध्र प्रदेशात ‘रयतू बाजार’ आले आणि त्याच वर्षी १४ नोव्हेंबरला मदुराईत तमिळनाडूची पहिली ‘उळवर संदै’, म्हणजे शेतकऱ्यांची मंडई, उघडली.

रयतू बाजाराची पद्धत समजून घेण्यासारखी आहे. शेतकरी खरोखरच भाजी पिकवतो याची गावात जाऊन खात्री केली जाते आणि त्याला छायाचित्र असलेले ओळखपत्र मिळते. बसायला जागा आणि वजनकाटा बाजाराकडून. रोज सकाळी शेतकऱ्यांचे प्रतिनिधी आणि बाजाराचा अधिकारी मिळून दर ठरवतात. हा दर घाऊक बाजारापेक्षा जास्त पण किरकोळ बाजारापेक्षा कमी असतो आणि तो फळ्यावर लिहिला जातो. शेतकऱ्याला दोन पैसे जास्त, गिऱ्हाईकाला दोन पैसे कमी.

याहून मोठा फायदा दिसत नाही, पण तो होतो. आडतीवर माल टाकून पट्टी घेऊन परतणारा शेतकरी गिऱ्हाईकाचे तोंडच पाहत नाही. आपली वांगी का मागे राहिली हे त्याला कधी कळत नाही. समोरासमोर विकू लागला की चार दिवसांत त्याच्या लक्षात येते, की लोकांना मोठी नव्हे तर एकसारखी वांगी हवी असतात, कोथिंबिरीची मुळे धुतलेली असली की जुडी आधी उचलली जाते आणि एकच भाजी दोन क्विंटल आणण्यापेक्षा चार भाज्या थोड्या थोड्या आणल्या की पाटी लवकर रिकामी होते. पुढच्या हंगामात तो लावणीच त्या बेताने करतो. शेताचा आराखडा बाजारात ठरू लागतो!

महाराष्ट्रातही २०१६ मध्ये फळे-भाजीपाला बाजार समितीच्या बंधनातून मोकळा झाला. बाजार समितीतली आडत शेतकऱ्याकडून न घेता खरेदीदाराकडून घ्यावी, असेही त्याच वर्षी ठरले. राज्याच्या कृषी पणन मंडळाने संत सावता माळी यांच्या नावाने शेतकरी आठवडी बाजारांची मोहीम हाती घेतली. कांदा, मुळा, भाजीतच विठाई पाहणाऱ्या संताचे नाव या बाजारांना शोभते.

अर्थात या बाजारांना मर्यादा आहेत. शेतकऱ्याच्या नावावर व्यापारीच गाळ्यात बसतो, अशा तक्रारी ठिकठिकाणी झाल्या. दिवसभर बाजारात बसले तर शेत कोणी पाहायचे, हा प्रश्न असतोच. आणि ज्याच्याकडे चार-पाच टन माल आहे तो पाटी घेऊन बसणार तरी किती?

एकट्याने नव्हे, मिळून

मोठ्या मालासाठी एकत्र येण्यावाचून गत्यंतर नाही. १९९१ मध्ये महाराष्ट्रातील द्राक्ष उत्पादकांच्या सहकारी संस्थांनी मिळून ‘महाग्रेप्स’ स्थापन केली. सुरुवातीच्या वर्षांत युरोपात गेलेल्या अनेक खेपा नाकारल्या गेल्या. द्राक्षे गोड होती, पण तोडल्यानंतर काही तासांत ती थंड करावी लागतात आणि पेटीतला प्रत्येक घड सारखा असावा लागतो, हे शिकायचे होते. शिक्षण महाग पडले, पण ते झाले.

दुसरा धडा २०१० मध्ये मिळाला. युरोपात पोहोचलेल्या भारतीय द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराईड या वाढ रोखणाऱ्या रसायनाचे अंश मर्यादेपेक्षा अधिक आढळले. पेट्या अडकल्या, भाव कोसळले आणि कित्येक बागायतदार कर्जात गेले. त्यांनी काही लबाडी केली नव्हती. परक्या बाजारात कोणत्या औषधाचा किती अंश चालतो, ही माहिती वेळेवर त्यांच्या बागेपर्यंत आली नव्हती, एवढेच. बाजाराची माहिती ही खता-पाण्याइतकीच गरजेची असते, हे इतक्या कठोरपणे क्वचितच सिद्ध झाले असेल.

धान्य आणि कडधान्य पिकवणाऱ्यांसाठी आणखी एक साधन आहे, ते म्हणजे शेतमाल तारण. पणन मंडळाची ही योजना १९९०-९१ पासून चालू आहे. सोयाबीन, तूर, हरभरा यांसारखा माल बाजार समितीमार्फत गोदामात ठेवायचा आणि त्याच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज घ्यायचे. सहा महिन्यांच्या मुदतीसाठी व्याज वर्षाला ६ टक्के.

समजा, वीस क्विंटल सोयाबीन आहे आणि सुगीतला भाव क्विंटलला चार हजार रुपये आहे. मालाची किंमत ऐंशी हजार, कर्ज साठ हजार, सहा महिन्यांचे व्याज अठराशे रुपये. म्हणजे क्विंटलमागे नव्वद रुपयांहून अधिक भाव वाढला की थांबणे फायद्याचे. भाव वाढेलच याची हमी कोणी देऊ शकत नाही. परंतु दिवाळीच्या खर्चासाठी, सावकाराच्या तगाद्यासाठी पडत्या भावात माल फुंकण्याची पाळी तरी टळते. हे साधे गणित किती घरांत मांडले जाते? ही योजनाच अनेक गावांना ठाऊक नसते.

मेळाव्यात काय हवे

शेतकरी मेळावे आणि प्रदर्शने भरायलाच हवीत. मात्र त्यांचे स्वरूप थोडे बदलले पाहिजे. मंडपाच्या एका कोपऱ्यात खरा काटा आणि खरा माल ठेवावा. टोमॅटोचे एक क्रेट आहे तसे आणि दुसरे निवडून तीन प्रतींत लावलेले, असे शेजारी शेजारी मांडून व्यापाऱ्याला बोली लावायला सांगावे. लिलावात खराब फळांवर नजर गेली की सगळ्या मालाचा भाव पडतो, हे दहा भाषणांनी पटणार नाही ते दहा मिनिटांत पटेल. हिशेबपट्टी कशी वाचावी, कोणती कपात नियमाने आहे आणि कोणती नाही, हे बाजार समितीच्याच माणसाने फळ्यावर लिहून दाखवावे. २०१६ मध्ये सुरू झालेल्या ई-नाम या राष्ट्रीय बाजारात तेराशेहून अधिक मंड्या जोडल्या गेल्या आहेत. तेथील दर मोबाइलवर कसे पाहायचे हे प्रत्यक्ष करून दाखवावे.

आणि या मेळाव्यांना घरातील स्त्रीला बोलवावे. भाजी तोडते ती, निवडते ती, जुड्या बांधते ती, पण प्रशिक्षणाच्या सतरंजीवर बसतो तो तिचा नवरा. प्रतवारीचे प्रशिक्षण ज्या हातांनी प्रतवारी करायची त्यांनाच मिळाले नाही, तर त्याचा उपयोग काय? आठवडी बाजारात भाजीची पाटी सांभाळणाऱ्या बायकांना गिऱ्हाईकाची नस चांगली ठाऊक असते. त्यांना शिकवायचे तर आहेच, त्यांच्याकडून ऐकून घेण्यासारखेही पुष्कळ आहे.

घरच्या घरी सुरू करता येईल अशीही एक गोष्ट आहे. वीस-पंचवीस रुपयांची वही घ्यावी. प्रत्येक पट्टीची तारीख, माल, वजन, भाव, कपात आणि हाती आलेली रक्कम त्यात लिहावी. शाळेत जाणारा मुलगा किंवा मुलगी हे काम आनंदाने करील. तीन वर्षांनी त्या वहीतून कळेल, की आपल्या बाजारात कोणत्या आठवड्यात आवक तुटून पडते आणि आपला माल पंधरा दिवस आधी किंवा नंतर काढता आला तर काय फरक पडेल.

शहरातल्या कुटुंबांचाही यात भाग आहे. जवळपास शेतकरी बाजार भरत असेल तर आठवड्याची भाजी तेथून घ्यावी. तेथे घासाघीस करण्याआधी फळ्यावरचा दर पाहावा. एखादी भाजी का घेतली नाही, हे समोरच्या शेतकऱ्याला मोकळेपणाने सांगावे. जून आहे, ओली आहे, जुडी फार मोठी आहे, जे असेल ते. न बोलता पुढे जाणाऱ्या गिऱ्हाईकाकडून तो काहीच शिकत नाही. सांगून जाणारे गिऱ्हाईक त्याच्या पुढच्या लावणीला मदत करून जाते.