लॅपटॉप मंचावर येऊ द्या, पण रिकामा

मंचावर एकच कलाकार असतो. हातात गिटार, समोर माइक, पायाशी पेडल आणि बाजूच्या स्टँडवर उघडा लॅपटॉप. आधी तो गिटारच्या लाकडावर थापा मारून ठेका धरतो, पेडल दाबतो आणि तोच ठेका स्पीकरमधून पुन्हा पुन्हा येऊ लागतो. त्यावर खर्जातली एक धून, तिच्यावर गळ्यातले सूर असे थर चढत जातात आणि काही मिनिटांत एकट्या माणसाचा वाद्यवृंद उभा राहतो. याला लाइव्ह लूपिंग म्हणतात. श्रोत्यांतल्या जाणकाराचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: हा खरेच वाजवतो आहे, की घरून भरून आणलेला ट्रॅक लावतो आहे? प्रश्न रास्त आहे, कारण लॅपटॉपच्या पडद्यामागे काय चालले आहे ते कोणालाच दिसत नाही. माझे मत असे की लॅपटॉपवरचे लूपिंग पूर्ण अर्थाने मैफलीतले वादन आहे. मात्र ते तसे असल्याचा पुरावा श्रोत्यांसमोर ठेवणे ही कलाकाराची जबाबदारी आहे आणि ती आज फारसे कोणी पाळत नाही.

या कलेचा जन्म लॅपटॉपच्या कितीतरी आधीचा. अमेरिकन संगीतकार टेरी रायली यांनी 1960 च्या दशकात दोन टेप रेकॉर्डर शेजारी ठेवून एकच फीत दोन्हींतून फिरवली. एका यंत्राने मुद्रण करायचे, दुसऱ्याने ते थोड्या वेळाने ऐकवायचे आणि ऐकवलेले पुन्हा पहिल्यात भरायचे. हेच रायली 1970 मध्ये किराणा घराण्याचे पंडित प्राणनाथ यांचे शिष्य झाले. रॉबर्ट फ्रिप आणि ब्रायन ईनो यांनी अशाच जोडणीचा आधार घेऊन 1973 साली तबकडी काढली. पुढे फितीची जागा चिपने घेतली. 2001 या एकाच वर्षी बॉस कंपनीचे आरसी-20 हे पायाने चालवायचे लूप यंत्र आले आणि बर्लिनहून एबलटन लाइव्ह हे सॉफ्टवेअरही आले. म्हणजे कल्पना तीच राहिली, तिला फक्त जागा मोठी मिळाली. पेडलमध्ये थर एकमेकांत मिसळून जातात. लॅपटॉपवर प्रत्येक थराला वेगळा ट्रॅक देता येतो, हवा तो बंद करता येतो, हवा तो परत आणता येतो. त्यामुळे एकाच लूपवर थर चढवत बसण्यापलीकडे जाऊन ध्रुपद-अंतरा असलेले गाणेही बांधता येते.

आपल्या श्रोत्यांना खरे तर हे परके वाटू नये. एकल तबलावादनात पेटीवाला किंवा सारंगिया एका आवर्तनाचा लेहरा अर्धा-पाऊण तास धरून बसतो. त्याच्या त्या पुनरावृत्तीला आपण कधी कमअस्सल म्हटले नाही. उलट तिच्यामुळेच तबलजीची तिहाई समेवर आली की नाही, ते कळते. लूपमध्येही कसोटी हीच आहे, आणि ती फार कठोर आहे. मिनिटाला 96 मात्रांची लय धरली, तर तीनतालाचे एक आवर्तन बरोबर 10 सेकंदांचे होते. लूप बंद करताना पाय सेकंदाच्या दहाव्या भागाने चुकला, तर ती मात्रेच्या सुमारे सहाव्या हिश्श्याची लंगड होते. मैफलीत अशी चूक एकदा होते आणि विरून जाते. इथे ती दर 10 सेकंदांनी परत येते, पाच मिनिटांत 30 वेळा. भर पडते ती यंत्राच्या विलंबाची. संगणक आवाज तुकड्यातुकड्यांनी हाताळतो. सेकंदाला 48,000 नमुने घेताना 128 नमुन्यांचा बफर ठेवला तर जवळपास 3 मिलिसेकंद लागतात, 1,024 चा ठेवला तर 21. बफर लहान केला आणि प्रोसेसर दमला, तर भर कार्यक्रमात आवाज तडतडतो. मोठा केला, तर स्वतःचाच सूर उशिरा ऐकू येतो. हा तोल साधून गाणे, वाजवणे, पेडल सांभाळणे आणि पुढच्या थराची जागा डोक्यात राखून ठेवणे, याला रियाज लागतो.

यावर खरा अडचणीचा आक्षेप वेगळाच आहे. सॉफ्टवेअर चूक झाकते. पेडल जरा आधी दाबले तरी एबलटन लाइव्ह पुढच्या आवर्तनाच्या आरंभापर्यंत थांबते आणि मगच मुद्रण सुरू करते. हे खरे आहे आणि त्यामुळे कस कमी होतो, हेही मान्य केले पाहिजे. पण ही सोय बंद करता येते. 2009 मध्ये याच सॉफ्टवेअरमध्ये आलेल्या लूपरमध्ये तर पहिल्या थराच्या लांबीवरून साऱ्या गाण्याची लय ठरवता येते, म्हणजे यंत्र माणसामागे चालते. शिवाय सोय चालू असली, तरी ती फक्त कडा जुळवते. बेसूर लागलेला सूर बेसूरच घुमत राहतो.

आणखी एक आक्षेप मी पूर्णपणे स्वीकारतो. लूप बहिरा असतो. गायक बढत करताना लय किंचित वाढवतो, तबलजी ते ओळखून सोबत जातो. लूपला ते जमत नाही. म्हणून ख्यालाच्या मैफलीत तबल्याच्या जागी लूप बसवून साथीदाराचे मानधन वाचवू पाहणाऱ्या आयोजकाला विरोधच व्हायला हवा. लूपिंग हा स्वतंत्र प्रकार आहे, त्याला साथसंगतीचा स्वस्त पर्याय करू नये. पण एका यंत्राच्या मर्यादेवरून त्याला मंचच नाकारण्याची चूक आपण एकदा केली आहे. मींड निघत नाही, सूर बांधलेले आहेत म्हणून आकाशवाणीने 1940 मध्ये हार्मोनियमवर बंदी घातली. ती सैल व्हायला 1971 साल उजाडले. मर्यादा खरीच होती, तरीही ज्या महाराष्ट्रात गोविंदराव टेंबे यांच्यासारख्यांनी पेटीला मानाचे स्थान मिळवून दिले होते, तिथल्या वादकांवर त्या बंदीने अन्याय केला.

उरतो विश्वासाचा प्रश्न. 2017 मध्ये ग्लास्टनबरी महोत्सवात एड शीरन एकटा गिटार आणि लूप यंत्र घेऊन उभा राहिला, तर टीव्हीवर पाहणाऱ्या अनेकांनी तो ट्रॅक लावून गातो असा आरोप केला. सगळे तिथल्या तिथे मुद्रित होते, हे त्याला दुसऱ्या दिवशी जाहीरपणे सांगावे लागले. एवढ्या प्रसिद्ध कलाकारावर ही वेळ येते, तर गावातल्या महोत्सवात पहिल्यांदा उभ्या राहणाऱ्या मुलीवर किंवा मुलावर लोकांनी डोळे झाकून विश्वास ठेवावा, ही अपेक्षा चूक आहे. उपाय साधा आहे. कलाकाराने लॅपटॉपचा पडदा मागच्या मोठ्या पडद्यावर दाखवावा आणि सुरुवात रिकाम्या ट्रॅकपासून करावी. एखादा भाग आधी मुद्रित केला असेल, तर तो कोणता ते माइकवरून सांगावे. महाविद्यालयीन स्पर्धांच्या आणि गणेशोत्सवातल्या कार्यक्रमांच्या आयोजकांनी लॅपटॉपला सरसकट मनाई करण्याऐवजी एवढ्या अटी प्रवेशपत्रिकेवर छापाव्यात आणि परीक्षकांनी त्या काटेकोरपणे पाहाव्यात.