निराधारांची उत्पन्नमर्यादा
संजय गांधी निराधार अनुदान योजनेतून महाराष्ट्रातील विधवा, परित्यक्ता, दिव्यांग आणि दुर्धर आजाराने खंगलेल्या गरिबांना दरमहा मदत मिळते. २०२३ मध्ये ती १,००० वरून १,५०० रुपये झाली, हे योग्यच. खरी अडचण उत्पन्नाच्या अटीची आहे. दिव्यांग वगळता इतरांसाठी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत हवे. २०२४-२५ मध्ये राज्यात रोजगार हमीची मजुरी दिवसाला २९७ रुपये होती. विधवेने शंभर दिवस माती वाहिली, तर तिच्या हाती २९,७०० रुपये येतात आणि उत्पन्नाच्या दाखल्यावर हा आकडा चढताच ती अपात्र ठरते. सरकारनेच दिलेल्या कामामुळे सरकारचीच मदत तुटावी, हा उघड अन्याय आहे. ही मर्यादा मजुरीच्या दराशी जोडून दरवर्षी वाढवायला हवी.