विविध भारतीवर किशोर का नाही?

१९७६च्या मे महिन्यात किशोरकुमारची गाणी विविध भारतीवरून गायब झाली. सरकारच्या वीस कलमी कार्यक्रमाच्या प्रचारासाठी गायला त्याने नकार दिला होता, म्हणून आकाशवाणीने त्याची गाणी बंद केली. हे पेपरात येणं शक्य नव्हतं. तरी वसईतल्या आमच्या वाडीवर पाणी धरायला येणारे गडीसुद्धा म्हणायचे, ‘किशोर वरच्यांना नडला.’ रोज लागणारं गाणं लागत नाही, एवढ्यावरून त्यांनी ताडलं होतं.

आणीबाणीतली माणसं अशी गाळलेल्या जागा वाचायला शिकली. २८ जून १९७५ला ‘इंडियन एक्स्प्रेस’ने अग्रलेखाची जागा कोरी सोडली, त्या कोऱ्या जागेने जे सांगायचं ते सांगितलं.

बाकीचं सत्य विरार लोकलमधून यायचं. अप्पा फोर्टात नोकरीला होते. ठरलेला डबा, ठरलेली माणसं. त्या माणसांतच सायक्लोस्टाईल केलेली पत्रकं घडी घालून या खिशातून त्या खिशात जात. अनोळखी कुणी शेजारी बसला की विषय भाजीच्या भावावर येई. जयप्रकाश नारायणांना नोव्हेंबरात कैदेतून सोडलं ते त्यांची मूत्रपिंडं निकामी झाल्यावर आणि ते जसलोकमध्ये आहेत, ही कुजबुज अप्पांनी गाडीतच ऐकली. डिसेंबरात कराडच्या साहित्य संमेलनात अध्यक्ष दुर्गाबाई भागवतांनी, यशवंतराव चव्हाण समोर असताना, जयप्रकाशांच्या प्रकृतीसाठी प्रार्थना करायला सांगितलं. तेही असंच, कराडला जाऊन आलेल्यांच्या तोंडून पोचलं. पुढच्या वर्षी बाईंना अटक झाली.

रात्री बीबीसी हिंदी. शॉर्टवेव्हवर आवाज मध्येच बुडायचा, मग शिट्ट्या, मग पुन्हा दोन वाक्यं. बातम्या संपल्या की अप्पा काटा न विसरता विविध भारतीवर आणून ठेवत. सकाळी कुणी रेडिओ लावलाच, तर काल रात्री काय ऐकलं ते कळू नये.

तोंडोतोंडी सगळं खरंच यायचं असं मात्र नाही. लस टोचण्याच्या निमित्ताने शाळेतल्या पोरांची नसबंदी करतात, ही अफवा उत्तरेत पसरली आणि आईबाप शाळेकडे धावले. तो दोष मी भाबड्या आईबापांना देणार नाही. सक्तीच्या नसबंदीच्या खऱ्या बातम्या दाबल्या गेल्या, म्हणून खोटीवर विश्वास बसला. अप्पांचा नियम साधा होता: सांगणारा कोण, त्याला कुणी सांगितलं, आणि रात्री बीबीसी काय म्हणते. तिन्ही जुळलं, तरच ते आईच्या कानावर घालत.

सेन्सॉरचे हुकूम आणीबाणीची चौकशी करणाऱ्या शहा आयोगाच्या अहवालात नोंदले गेले. डब्यातल्या त्या माणसांची नोंद कुठेच नाही. तेव्हाचे तरुण आज पंचाहत्तरीच्या पुढे आहेत. वसई, नालासोपारा, विरारमध्ये तुमच्या घरी असं कुणी असेल, तर त्यांच्याजवळ बसा आणि लिहून घ्या: कोणता डबा, कुणाच्या हातून पत्रक आलं, वाचून झाल्यावर ते कुठे लपवलं.