कुंभाराला शाळेत शिकवू द्या

मुलुंडच्या एका शाळेत मी कला शिकवते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीच्या टप्प्यात १० दिवस दप्तराविना असावेत, त्या दिवसांत मुलांनी सुतार, माळी, कुंभार, कलाकार यांच्या हाताखाली शिकावं, असं स्पष्ट म्हटलं आहे. प्रत्यक्षात अनेकदा एखादा कुंभार एका सकाळी चाक घेऊन येतो, चार पणत्या करून दाखवतो, फोटो निघतात आणि उपक्रम पार पडतो.

मातीकाम असं येत नाही. चाकावरून उतरवलेलं भांडं सावलीत हळूहळू वाळावं लागतं. वरून कोरडं दिसलं तरी कुंभार ते गालाला लावून पाहतो. गार लागलं, तर आत ओल आहे. तसंच भट्टीत गेलं, तर त्या ओलीची वाफ होऊन भांडं फुटतं. ही पारख पुस्तकात वाचून येत नाही. मुलांनी स्वतः माती मळावी, पणती घडवावी, वाळवावी, भाजावी आणि फुटलीच तर का फुटली ते कुंभाराला विचारावं. त्याला १० दिवस पूर्ण लागतात.

चीनमधल्या जिंगडेझेन शहरात हजार वर्षांहून अधिक काळ भांडी घडत आली आहेत आणि त्याच शहरात या विद्येचं विद्यापीठही आहे. आपल्याकडे १८५७ साली सुरू झालेल्या जे. जे. कला महाविद्यालयात मृत्पात्रीचं शिक्षण एकोणिसाव्या शतकातच आलं. धारावीच्या कुंभारवाड्यात सौराष्ट्रातून आलेल्या कुटुंबांनी पिढ्यान्‌पिढ्या चाक फिरतं ठेवलं. विद्या आहे, संस्थाही आहेत. पण शिकवायचं म्हटलं की कुंभाराला पदवी आडवी येते.

खादी आणि ग्रामोद्योग आयोगाचं मुख्यालय आपल्या विलेपार्ल्यात आहे. आयोग कुंभारांना विजेची चाकं देतो, प्रशिक्षणही देतो. त्याने पालिकेच्या शिक्षण विभागाबरोबर बसून शिकवायला तयार असलेल्या कुंभारांची यादी करावी आणि उपनगरांतल्या शाळांना द्यावी. शाळांनी त्यांना पूर्ण १० दिवसांसाठी, रीतसर मानधन देऊन बोलवावं.

पालकांनो, पुढच्या पालकसभेत गुणांबरोबर एवढंही विचारा: दप्तराविना दिवसांत मुलांना शिकवायला कोण येणार आहे, आणि किती दिवस?