गाडी फाट्यापर्यंत, पुढे काय?

मंडळी, मुंबई-गोवा महामार्गावरच्या कुठल्याही फाट्यावर तासभर उभे राहा. गाड्यांची नुसती रीघ! 2025 च्या गणेशोत्सवात तर कोकणासाठी पाच हजार जादा एस.टी. गाड्या महामंडळाने जाहीर केल्या होत्या. पण चाकरमानी परतले, की मागे राहिलेल्यांचे काय? लांज्याला, राजापूरला किंवा कणकवलीला उतरल्यावर वाडीपर्यंत जायला गाडी नसेल, तर हमरस्त्यावरची रीघ आपल्या काय कामाची?

गावची फेरी बंद होते ती बहुधा एका शब्दापायी : भारमान. म्हणजे गाडीतल्या जागांपैकी शेकडा किती भरल्या, त्याचा हिशेब. गोम इथेच आहे. शाळा साडेदहाची आणि गाडी पोचणार अकराला. दवाखाना सकाळचा, गाडी दुपारची. ती रिकामीच धावणार! मग 'प्रतिसाद नाही' असा शेरा पडतो. वेळ चुकली आगाराची, शिक्षा गावाला.

तेव्हा नुसते 'गाडी द्या' म्हणू नका. आठवडाभर वही ठेवा. शाळेला किती मुले जातात, बाजाराला किती माणसे, कोणत्या वेळी, फाट्यावर पुढची कोणती गाडी गाठायची असते, सारे लिहा. ती यादी ग्रामसभेच्या ठरावाला जोडून आगार व्यवस्थापकांना द्या आणि पोच घ्या. पोच नसलेला अर्ज दिला काय अन् न दिला काय!

मुलांचे पास काढा. शाळकरी मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत पास मोफत आहे. 17 मार्च 2023 पासून बायकांना तिकीट निम्मे झाले, उरलेल्या निम्म्याची भरपाई सरकारने महामंडळाला करायची आहे. म्हणजे सवलतीचा उतारूही हिशेबात धरला जातो. वडापने गेलेला मात्र धरला जात नाही. वडापवाल्यालाही पोट आहे, त्याच्याशी वैर नाही. पण आषाढातल्या रात्री फाट्यावर तो भेटेलच, असे सांगता येते का?

आणि वस्तीची गाडी मागाच. रात्री शेवटच्या माणसाला घरी आणते, पहाटे पहिल्याला घेऊन निघते. आजारी माणसाला तालुक्याला न्यायचे, तर तिच्यासारखा आधार नाही. मात्र दिवसभर घाट चढून-उतरून आलेल्या चालक-वाहकांनी डासांत, गाडीतच झोपायचे, हे बरे नव्हे. त्यांना कोरडी खोली, पाणी आणि संडास एवढे पंचायतीने द्यावे. समाजमंदिराची खोली एरवी कुलूपबंदच असते ना?