मंद ठिपका आणि दुसरी पाहणी

जें जवळ तें ठाऊकच, ही समजूत आकाशाविषयीं तरी खोटी आहे. ग्लीझ २२९ हा तांबडा तारा अवघ्या १९ प्रकाशवर्षांवर. तरी त्याच्या शेजारचा मंद ठिपका १९९४ पर्यंत कोणास दिसला नव्हता. कुरुंदवाड येथें जन्मलेले श्रीनिवास कुलकर्णी व त्यांचे सहकारी यांनीं तो पालोमार वेधशाळेंत टिपला. पण लागलीच डंका पिटला नाहीं. वर्षभरानें पुन्हां पाहिलें. दूरचे तारे जागच्या जागीं. जवळचा ग्लीझ मात्र सरकलेला, आणि ठिपकाहि त्याच्यासवें! म्हणजे तो त्याचा सोबती. वर्णपटांत मिथेन वायु आढळला, तेव्हां तो हायड्रोजन न पेटलेला तपकिरी बटु ठरला. एका परीक्षेवरून मुलास ‘मंद’ म्हणणाऱ्या आम्हां शिक्षकांनीं (आणि पालकांनींहि) ही दुसरी पाहणी शिकावी, असें माझें मत आहे. २०२४ सालीं तर तो ठिपका एक नसून परस्परांभोंवतीं फिरणारे दोन बटु आहेत, असें आढळलें.