विहिरीतला नायट्रेट आणि वस्तीचा हक्क

केंद्रीय भूजल मंडळाने २०२४ च्या अखेरीस देशातील भूजलाच्या गुणवत्तेचा अहवाल जाहीर केला. महाराष्ट्रातील ३५ टक्क्यांहून अधिक नमुन्यांत नायट्रेट मर्यादेपेक्षा जास्त आढळले. सर्वाधिक बाधित १५ जिल्ह्यांत वर्धा व यवतमाळ आहेत, तेलंगणातील आदिलाबादही आहे. हे तिन्ही चंद्रपूरचे शेजारी. तीच काळी जमीन, तोच कापूस आणि तीच युरियाची गोणी वरोरा, भद्रावती, कोरपना, राजुऱ्यातही आहे. मग यादीत चंद्रपूरचे नाव नाही म्हणून आम्ही निश्चिंत बसायचे काय?

नायट्रेटला रंग नाही, वास नाही. पाणी उकळल्याने ते जात नाही. उलट पाणी आटून त्याचे प्रमाण वाढते. भारतीय मानकानुसार एका लिटरला ४५ मिलिग्रॅम ही मर्यादा असून तिच्यात कोणतीही सवलत नाही. सहा महिन्यांखालच्या बाळाला वरच्या दुधात असे पाणी गेले की रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती घटते आणि बाळ निळे पडते. अमेरिकेतील आयोवा राज्यात डॉ. हंटर कॉम्ली यांनी १९४५ मध्येच विहिरीच्या पाण्याशी असलेला हा संबंध दाखवून दिला होता.

त्याच आयोवात आज शेतातून निघणाऱ्या पाण्यासाठी बायोरिॲक्टर वापरतात. शब्द मोठा, वस्तू साधी. पाण्याच्या वाटेवर चर खणायचा, त्यात लाकडाच्या ढलप्या भरायच्या आणि पाणी त्यातून संथपणे वाहू द्यायचे. चर पाण्याने भरला की आतली हवा संपते. मग जिवाणू ढलप्यांतला कर्ब खातात आणि नायट्रेटमधला प्राणवायू वापरतात. उरतो तो नायट्रोजन वायू, तो हवेत निघून जातो. वीज नको, रसायन नको. उष्ण हवेत हे जिवाणू अधिक जोमाने काम करतात. मात्र ढलप्याही लवकर कुजतात, त्या बदलाव्या लागतात.

पण नक्कल करून भागणार नाही. तिकडे शेताखाली निचऱ्याचे नळ असतात, त्यांच्या तोंडाशी हा चर खणतात. आमच्याकडे पाणी बांधावरून, नाल्यातून आणि जमिनीतून झिरपत जाते. म्हणून जागा निवडावी लागेल आणि मुसळधार पावसाचा लोंढा बाजूने काढून द्यावा लागेल. उकिरडा आणि शौचालयाचा शोषखड्डा यांतून विहिरीत उतरणारे नायट्रेट हा चर अडवणार नाही. तिथे विहिरीपासूनचे अंतरच पाळावे लागेल. आणि मूल, सिंदेवाही, ब्रह्मपुरीपासून गडचिरोलीपर्यंतच्या धानपट्ट्यात पाण्याखालचा चिखल व मालगुजारी तलावांचा गाळ हेच काम फुकट करीत आले आहेत. ते तलाव बुजविणे म्हणजे आयता बायोरिॲक्टर मोडणे होय.

आता खर्च कोणी करायचा? आयोवातील दे मॉइन शहराच्या पाणीपुरवठा संस्थेने २०१५ मध्ये तीन काउंटींच्या शेतनिचरा मंडळांवर दावा लावला. २०१७ मध्ये तो फेटाळला गेला. त्या मंडळांना कायद्याचे संरक्षण होते. नायट्रेट काढण्याचा भुर्दंड पाणी पिणाऱ्यावरच राहिला. आमच्याकडे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ च्या सुभाष कुमार खटल्यात प्रदूषणमुक्त पाणी हा अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचा भाग मानला. १९९६ च्या वेल्लोर खटल्यात प्रदूषण करणाऱ्याने भरपाई द्यावी हे तत्त्व स्वीकारले. पण इथे प्रदूषण करणारा कोण? युरियाची ४५ किलोची गोणी सुमारे २६६ रुपयांना आणि डीएपीची ५० किलोची गोणी सुमारे १,३५० रुपयांना मिळत असेल, तर कर्जबाजारी शेतकरी युरियाच ओतणार. हे दर शेतकऱ्याने ठरविलेले नाहीत, सरकारी धोरणाने ठरविले आहेत. म्हणून खर्चही सरकारनेच उचलला पाहिजे.

ज्याची ऐपत आहे तो घरी आरओ बसवितो किंवा पाण्याची कॅन घेतो. आरओने वेगळे काढलेले नायट्रेट सांडपाण्यातून पुन्हा जमिनीतच जाते. शेतमजुराच्या वस्तीला हातपंपाशिवाय पर्याय नसतो. १९२७ च्या महाडच्या सत्याग्रहाने सार्वजनिक पाण्यावरचा आमचा हक्क सांगितला. ते पाणी पिण्यालायक असावे, हा त्याच हक्काचा पुढचा भाग आहे.

म्हणून आमच्या मागण्या सरळ आहेत. जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातील पाच महिलांना पाणी तपासणीचे प्रशिक्षण द्यायचे आहे. त्यांच्याकडून पावसाळ्यापूर्वी व नंतर वस्तीनिहाय तपासणी करून घ्या आणि निकाल ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा. जिथे मर्यादा ओलांडली असेल तिथे तान्ह्या बाळांसाठी तातडीने दुसरे पाणी द्या. सिंदेवाहीच्या कृषी संशोधन केंद्राने बांबूच्या ढलप्यांचा चर करून मोजमाप जाहीर करावे. २००९ मध्ये मेंढा-लेखाला सामूहिक वनहक्क मिळाले, त्यानंतर गडचिरोलीतील अनेक ग्रामसभांना मिळाले. बांबूचा तुकडाताकडा त्यांच्याकडून रास्त दराने विकत घ्या. वस्ती विकासाचा निधी रस्ता आणि समाजमंदिरापाशीच थांबवू नका.

कार्यकर्त्यांनी येत्या ग्रामसभेत हा ठराव लेखी मांडावा आणि त्याची पोच घ्यावी. तोंडी मागणी कार्यालयाच्या दारातच विरते. लेखी ठरावाला उत्तर द्यावे लागते, आणि उत्तर मिळाले नाही तर तोच कागद घेऊन न्यायालयात उभे राहता येते.